टायरची साइज जुळली म्हणजे टायर जुळला असं नाही. बाजूवरचे आकडे असे वाचा

खताच्या बॅगवर १०:२६:२६ लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ आपल्याकडं शाळकरी पोरगंही सांगतं. नत्र १० टक्के, स्फुरद २६, पालाश २६. बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर, उगवणशक्ती, तारीख आपण उलटीपालटी करून पाहतो. पण हजारो रुपये मोजून टायर घेताना मात्र दुकानदार "साइज तीच आहे भाऊ" म्हणाला की आपण मान हलवून मोकळे होतो.

सोयाबीन निघालं की गाड्यांना काम लागतं. पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर-ट्रॉली सगळं खामगावच्या बाजार समितीकडं नाहीतर जवळच्या मार्केटकडं पळायला लागतं. मग लग्नसराई, मग शेगावच्या वाऱ्या. त्यात आता मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या आपल्या तालुक्यांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला आहे. सिमेंटचा सरळ रस्ता, कारला ताशी १२० ची मर्यादा आणि उन्हाळ्यात ४२-४४ अंशांचं ऊन. गावच्या रस्त्यावर ४० च्या वेगानं निभावून जाणारा टायर तिथं निभावेलच असं नाही.

साइज ही टायरची अर्धीच ओळख आहे. तो किती वजन पेलतो, किती वेग सोसतो आणि किती जुना आहे, ही उरलेली ओळख त्याच बाजूवर लिहिलेली असते. टायरवर हे सगळं इंग्रजी आकड्या-अक्षरांत असतं. इथं वाचायला सोपं जावं म्हणून ते मराठीत लिहिलं आहे. गाडी अंगणात उभी असेल तर बाहेर जाऊन एकेक आकडा जुळवत वाचलं तरी चालेल.

आधी आपल्या गाडीला काय लागतं ते पाहा

जुन्या टायरवरचा आकडा पाहून नवा घ्यायचा, ही आपली पद्धत. पण गाडी सेकंड हँड घेतलेली असेल तर आधीच्या मालकानं चुकीचे टायर घातलेले असू शकतात. म्हणून खात्रीची जागा म्हणजे ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर दिसणारं स्टिकर. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात तर असतंच. त्यावर टायरची साइज आणि हवा किती भरायची हे दोन्ही लिहिलेलं असतं. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, दुकानात कामी येतो.

एक साइज फोडून पाहू

मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना येणारा टायर घेऊ. त्यावर लिहिलेलं असतं: १६५/८० आर १४ ८५ टी.

१६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. एका बाजूच्या फुगीर भागापासून दुसऱ्या बाजूच्या फुगीर भागापर्यंत. रस्त्याला टेकणारा पट्टा यापेक्षा थोडा कमी भरतो.

८० हा उंचीचा आकडा आहे, पण तो मिलिमीटर नाही, टक्के आहे. इथंच बहुतेकांची गफलत होते. टायरच्या बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के उंच आहे असा त्याचा अर्थ. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. हा आकडा जितका कमी तितका टायर बसका. खड्ड्यांच्या रस्त्यावर उंच भिंतीचा टायर दणका सोसतो, बसक्या टायरमध्ये तो दणका लवकर रिमला जातो. काही टायरांवर तिरप्या रेषेपुढचा हा आकडाच नसतो, उदाहरणार्थ १४५ आर १२. तिथं उंची साधारण ८२ टक्के धरायची.

आर म्हणजे रेडियल. पुष्कळ लोकांना वाटतं की हे रिमचं अक्षर आहे, ते तसं नाही. रेडियलमध्ये टायरच्या आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वरच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचा थर असतो. दुसरा प्रकार म्हणजे आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो तो. त्यात धागे सुतळीच्या बाजेसारखे तिरपे, एकमेकांवरून गेलेले असतात. त्या टायरवर आरच्या जागी नुसती आडवी रेघ असते. एकाच एक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असं कधीच लावू नका. दोघांचं वळणं आणि दबणं वेगळं असतं, गाडी ओढ खाते.

१४ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचात, असा हा तीन मापांचा कारभार आहे.

८५ हा वजनाचा आकडा आणि टी हे वेगाचं अक्षर. त्याकडं पुढं येऊ, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

साइज बदलली की काय होतं

टायरची पूर्ण उंची काढायचं गणित सोपं आहे. बाजूच्या भिंतीची उंची दुप्पट करायची, कारण ती रिमच्या वरही येते आणि खालीही. त्यात रिमचे इंच २५.४ नं गुणून मिळवायचे.

१६५/८० आर १४ साठी: १३२ ची दुप्पट २६४. रिम १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. एकूण ६१९.६ मिलिमीटर.

याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांना १८५/६५ आर १५ येतो. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५. रिम ३८१. एकूण ६२१.५ मिलिमीटर. रिम मोठा झाला, टायर रुंद झाला, पण पूर्ण उंचीत फरक २ मिलिमीटरचासुद्धा नाही. कंपनीनं ते आधीच जमवून ठेवलेलं असतं.

आता समजा दुकानात १६५/८० आर १४ नाही म्हणून कुणी १७५/६५ आर १४ गळ्यात मारला. रिम तोच, त्यामुळे टायर बसतो. पण उंची होते ५८३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३७ मिलिमीटर कमी. गाडी १८ मिलिमीटर खाली बसते. शिवारातल्या रस्त्यावर मधल्या उंचवट्याला तळ घासायला तेवढं पुरेसं आहे. मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी खरी ५६ च्या आसपास असते, आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर मोजतं.

उलटा प्रकार बोलेरोवाल्यांचा. गाडी उंच आणि दमदार दिसावी म्हणून २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घालतात. हिशेब केला तर ७०३.५ वरून ७३३.५, म्हणजे ३० मिलिमीटर जास्त. मीटरवर १०० असताना गाडी १०४ नं पळत असते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण १०० वरच आहोत. पूर्ण स्टीअरिंग मारल्यावर टायर घासण्याची शक्यता असते ती वेगळीच. साइज बदलायचीच असेल तर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या साइजमधलीच घ्यावी.

खरा घोळ वजनाच्या आकड्यात

साइजच्या पुढं जो दोन किंवा तीन अंकी आकडा असतो, तो किलो नाही. तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. एका टायरवर जास्तीत जास्त किती किलो चालतं ते त्यावरून कळतं. आपल्या उपयोगाचे क्रमांक असे:

७४ – ३७५ किलो
७९ – ४३७ किलो
८२ – ४७५ किलो
८५ – ५१५ किलो
८८ – ५६० किलो
९१ – ६१५ किलो
९५ – ६९० किलो
१०० – ८०० किलो
१०६ – ९५० किलो

हे वजन एका टायरचं आहे आणि टायरमध्ये ठरलेली पूर्ण हवा असतानाचं आहे. हवा कमी असेल तर टायर तेवढं पेलत नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा एका पिकअपचं मालासकट वजन ३,००० किलो भरतं. माल मागं असतो, म्हणून त्यातले १,९०० किलो मागच्या एक्सलवर आले असं धरू. मागं दोनच टायर. म्हणजे एकेकावर ९५० किलो. तक्त्यात पाहिलं तर किमान १०६ क्रमांकाचा टायर पाहिजे. दुकानात २१५/७५ आर १५ मागितला आणि त्यानं जीपचा, १०० क्रमांकाचा दिला, तर साइज तंतोतंत तीच, रिमवर बसतोही नीट. पण तो ८०० किलोचा आहे. प्रत्येक टायरवर दीडशे किलो जास्तीचे, आणि तेही गाडी कायद्यानं ठरलेल्या वजनातच भरलेली असताना. वरून चार क्विंटल जास्त टाकले तर विचारायलाच नको.

असा टायर पहिल्याच खेपेला फुटत नाही, म्हणून तर माणूस फसतो. जास्त वजनानं टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. त्या दाबण्या-सुटण्यात उष्णता तयार होते. रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही, फार तर एखादा फुगा येतो. मग एखाद्या दुपारी, गरम रस्त्यावर, वेगात असताना तो जातो. आपण म्हणतो नशीब वाईट. पण ते त्या बाजूवर आधीपासून लिहिलेलं होतं.

माल वाहतुकीच्या गाडीचं भरलेलं एकूण वजन आरसीवर नोंदलेलं असतं. ते पाहूनच हा हिशेब करा. सोपा नियम एकच: कंपनीनं दिलेल्या टायरपेक्षा वजनाचा क्रमांक कमी असलेला टायर घ्यायचा नाही. जास्त असला तर चालतो.

वेगाचं अक्षर

वजनाच्या आकड्याला चिकटून एक अक्षर असतं. तो टायर ठरलेलं वजन घेऊन जास्तीत जास्त किती वेग सोसू शकतो ते हे अक्षर सांगतं. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन १४०, क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. यात एच अक्षर क्रमानं येत नाही, ते टी आणि यू च्या नंतर येतं, म्हणून गोंधळू नका.

कुणी म्हणेल, आपल्याला कुठं १९० नं जायचंय? बरोबर आहे. पण ही मर्यादा नव्या, पुरेशी हवा असलेल्या, धड टायरची आहे. जुना झालेला, ठिगळ लावलेला, कमी हवेचा टायर तिच्या जवळपासही जाऊ शकत नाही. म्हणून इथंही नियम तोच: कंपनीच्या अक्षरापेक्षा खालचं अक्षर घेऊ नका.

पिकअप आणि छोटा हत्ती: एलटी आणि पीआर

माल वाहणाऱ्या छोट्या गाड्यांच्या टायरवर एलटी लिहिलेलं असतं. म्हणजे लाइट ट्रक, हलक्या मालगाडीचा टायर. छोटा हत्तीचा टायर उदाहरणादाखल घ्या: १४५ आर १२ एलटी ८ पीआर. यातला पीआर म्हणजे प्लाय रेटिंग.

पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असायचे आणि जितके थर तितका टायर ताकदवान. आता धागे बदलले, थर कमी झाले, पण मोजायची पद्धत तीच राहिली. त्यामुळे ८ पीआर म्हणजे आत आठ थर आहेत असं नाही. जुन्या आठ थरांच्या टायरएवढी ताकद आहे असं समजायचं. ८ पीआरच्या जागी ६ पीआर स्वस्त मिळतो. साइज तीच असते, ताकद नसते.

मालगाडीच्या टायरवर वजनाचे दोन क्रमांकही दिसतात, जसं ट्रकच्या टायरवर १४६/१४३. पहिला क्रमांक एक्सलच्या प्रत्येक टोकाला एकच टायर असेल तर, दुसरा जोडीनं दोन-दोन टायर असतील तर. १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५. जोडीत एका टायरची क्षमता कमी धरतात, कारण दोघांवर भार कधीच अगदी सारखा येत नाही.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि बैलगाडी

ट्रॅक्टरच्या टायरचं माप वेगळं. पुढचा ६.००-१६, मागचा १२.४-२८ किंवा १३.६-२८ असे आकडे आपल्या ओळखीचे आहेत. यात पहिला आकडा रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. मधली आडवी रेघ म्हणजे नायलॉन प्रकारचा टायर. रेडियल ट्रॅक्टर टायरवर मिलिमीटरचं माप येतं. १३.६-२८ च्या जागी बसणारा रेडियल ३४०/८५ आर २८ असा लिहिलेला असतो. ३४० मिलिमीटर म्हणजे साधारण साडेतेरा इंच. आकडे अगदी वेगळे दिसले तरी घाबरू नका, गाडी तीच आहे.

नक्षीचीही खूण असते. एफ-२ म्हणजे पुढच्या चाकाचा, लांब उभ्या रेघांचा टायर. आर-१ म्हणजे मागच्या चाकाचा नेहमीचा शेतीचा टायर. आर-२ ची नक्षी जास्त खोल असते. तो भाताच्या चिखलाणीसाठी आणि ओल्या रानासाठी. आपल्या काळ्या रानात खोल नक्षी बरी वाटते, पण ट्रॅक्टर जास्त डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढत असेल तर ती लवकर झिजते.

वेगाची खूण इथंही आहे. ए ६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए ८ म्हणजे ४०. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर पळवणाऱ्या पोरांना हे अक्षर जरूर दाखवा.

चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या आणि मागच्या टायरचं प्रमाण कंपनीनं ठरवलेलं असतं. फक्त मागची साइज बदलली तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरवर येतो. टायरमध्ये वाचवलेले पैसे गिअरबॉक्समध्ये जातात.

ट्रॉलीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. काही टायरांवर एडीव्ही अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. त्याचा अर्थ जनावरांनी ओढायची गाडी, म्हणजे बैलगाडी. बैलाच्या चालीसाठी बनवलेला तो टायर आहे. साइज जुळते आणि स्वस्त मिळतो म्हणून तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावणं धोक्याचं आहे. ट्रॉलीचा टायर घेताना ही अक्षरं आधी शोधा.

मोटारसायकलचं थोडक्यात

जुन्या मोटारसायकलींवर २.७५-१८ किंवा ३.००-१८ असं इंचातलं माप असतं. नव्यांवर ८०/१००-१८ असं. ८० मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या १०० टक्के म्हणजे तेवढीच, रिम १८ इंच. स्कूटरचा ९०/१००-१० ५३ जे असा टायर घेतला तर ५३ म्हणजे २०६ किलो आणि जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर. दुधाचे चार कॅन आणि मागं एक माणूस बसवताना हा २०६ चा आकडा आठवावा.

टायरची जन्मतारीख

टायर दुकानात नवा कोरा दिसतो, पण तो कधी बनला हे दिसण्यावरून कळत नाही. त्यासाठी बाजूवर लांबट गोल खळीत चार आकडे शोधा. बऱ्याच टायरांवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ते असतात. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

२३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. ४८१७ असेल तर २०१७ चा ४८ वा आठवडा, नोव्हेंबर अखेर. तीनच आकडे दिसले तर तो टायर सन २००० च्या आधीचा आहे, हात लावू नका. हे आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. बसवलेल्या टायरवर बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला पाहावं लागतं. म्हणून टायर रिमवर चढवायच्या आधीच तारीख पाहणं सोपं.

न वापरताही रबर म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवा त्याला कडक करतात, बाजूवर बारीक भेगा पडतात. वर्षातून दोन महिने चालणारी आणि बाकी दहा महिने बांधावर उन्हात उभी असलेली ट्रॉली, आणि कधीच न वापरलेली स्टेपनी, या दोन्ही ठिकाणी नक्षी भरपूर असते पण टायर जुना असतो. अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असा आहे की ५ वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि १० वर्षं झाली की चांगला दिसत असला तरी बदलावा. आपल्या उन्हात त्याआधीच विचार केलेला बरा.

बाकीच्या खुणा

आयएसआय: भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या टायरला हे चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा नंबर असतो. कारसाठी आयएस १५६३३, मालवाहू आणि मोठ्या वाहनांसाठी आयएस १५६३६, दुचाकी-तीनचाकीसाठी आयएस १५६२७. हा नंबर पाहिला की टायर मुळात कशासाठी बनला आहे ते एका नजरेत कळतं.

जास्तीत जास्त हवा: बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ३०० केपीए, म्हणजे सुमारे ४४ पीएसआय. कुणी हाच आकडा वाचून तेवढी हवा भरतं. ही हवा भरायची शिफारस नाही, ही वरची हद्द आहे. किती भरायची ते दाराच्या स्टिकरवर पाहा. मालासह आणि मालाशिवाय असे दोन आकडे तिथं असू शकतात. हवा टायर थंड असताना तपासायची. चालून आलेल्या गाडीचा दाब वाढलेला असतो, तो पाहून हवा सोडायची नाही.

टीडब्ल्यूआय: टायरच्या खांद्यावर ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत पाहिलं की रबराचा छोटा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. कारला नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर लागते, दुचाकी-तीनचाकीला ०.८. पावसाळ्यात पाणी बाजूला सारायचं काम याच खाचा करतात. त्या गेल्या की चाक पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक लागत नाही.

बाण: काही टायरांवर रोटेशन असा शब्द आणि बाण असतो. चाक त्या दिशेनं फिरलं पाहिजे. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेरच आली पाहिजे. पंक्चर काढून परत चढवताना हे उलटं होऊ शकतं, एक नजर टाका.

ट्यूबलेस किंवा ट्यूब टाइप: हेही स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असतं. रिम त्याच प्रकारचं आहे का ते विचारून घ्या.

जुना टायर घेताना

सगळ्यांनाच दरवेळी नवे टायर परवडत नाहीत, हे खरं आहे. जुना घ्यायचाच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्यानं पुन्हा खाचा कापून तो विकला जातो. नक्षी खोल दिसते, पण खाली रबर उरलेलं नसतं. ओळखायची खूण म्हणजे खाचेतला तो छोटा उंचवटा. तो कापला गेलेला असेल किंवा खाचांच्या कडा ओबडधोबड असतील तर टायर परत ठेवा. काही ट्रक टायरांवर रीग्रूव्हेबल असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्यांना पुन्हा खाच पाडायची सोय कंपनीनंच ठेवलेली असते. कारच्या टायरला ती सोय नसते.

बाजूवरचे आकडे घासून काढलेले असतील, तारखेच्या जागी खरवडलेलं दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी नको. जो टायर आपली माहिती लपवतो त्याच्यावर घरची माणसं बसवू नयेत. बाजूला फुगा असलेला टायर तर फुकट दिला तरी घेऊ नका. फुगा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण.

दुकानात जाताना हे विचारा

१. स्टिकरच्या फोटोवरची साइज आणि टायरवरची साइज अक्षरशः एक आहे का?
२. वजनाचा क्रमांक कंपनीच्या टायरएवढा किंवा जास्त आहे का? मालगाडी असेल तर एलटी आणि पीआर जुळतात का?
३. वेगाचं अक्षर खालचं तर नाही ना?
४. चार आकड्यांची तारीख काय आहे? दोन टायर घेत असाल तर दोन्हींची पाहा.
५. आयएसआय चिन्ह आहे का?
६. पक्कं बिल मिळणार का, आणि त्यावर साइजसोबत टायरचा अनुक्रमांक लिहून देणार का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टायरमध्ये मुळातच दोष निघाला तर वॉरंटी मागायला बिल आणि अनुक्रमांकच लागतो. कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिलेली रक्कम कुठंच चालत नाही. जुना माल नवा म्हणून विकला, बिल द्यायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. पुढं जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे.

हे सगळं एका वेळी पाठ होणार नाही, त्याची गरजही नाही. आज फक्त आपल्या गाडीच्या चारही टायरांवरची आणि स्टेपनीची साइज, वजनाचा क्रमांक, अक्षर आणि तारीख एका कागदावर उतरवून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पाच टायरांत एखादा वेगळाच निघाला तर तो बदलायचा आहे हे माल भरायच्या आधी घरीच कळेल. रस्त्यात कळण्यापेक्षा ते कधीही स्वस्त पडतं.